अडुळशावरचा आळ

१

आचार्य मंगळवारी सकाळी गेले, आणि गेले तेही स्वतःचाच काढा पिऊन, ही बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. औषध तपासणीच्या प्रयोगशाळेतून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या बाईंना ती कळली गुरुवारी, भाच्याच्या फोनवरून. भाचा पोलिसात फौजदार होता आणि अडला की मावशीला फोन करायचा.

"बरं, मग?" बाई म्हणाल्या.

"मावशी, माणूस मेलाय."

"ते कळलं. तीस वर्षं दुसऱ्यांना पाजत होता, एकदा स्वतः प्यायला. यात फौजदाराचं काय काम?"

"काढ्यात कण्हेर सापडली. काढा करणाऱ्या बाईला कालच आत घेतलंय. आता तू एकदा येऊन पातेल्यातली पानं बघितलीस, की माझे कागद पुरे होतील."

"म्हणजे आधी माणूस कोंडलास आणि आता कारण शोधतोयस. तुझ्या आईनं तुला शाळेत घातलं ते कशासाठी, कोण जाणे."

पण बाई गेल्या. एकतीस वर्षं त्यांनी चूर्णं, तेलं, अर्क आणि काढे तपासले होते, आणि त्यात त्यांची एक खात्री पटली होती. जगात पाल्याला देव मानणारी काही माणसं आहेत, पाल्याला कचरा मानणारी काही आहेत, आणि दोघंही पान हातात घेऊन बघत नाहीत. आचार्य पहिल्यांतले. अडुळशाचा काढा खोकल्यावर, दम्यावर, तापावर, थकव्यावर, लहानांना, थोरांना, गरोदर बायकांना, सगळ्यांना सारखाच. बाई त्यांना 'एकपानी वैद्य' म्हणत, आणि तेही तोंडावर.

घर साधं होतं. पुढे फाटकाशी गुलाबी कण्हेर, मागे अडुळशाचं दाट कुंपण. ओसरीवर सकाळी काढ्यासाठी रांग लागायची. आत आचार्यांची खोली: खुर्ची, मेज, पुस्तकांचं कपाट, खिडकीत तीन कुंड्या. मागे स्वयंपाकघर. तिथे रांगेतल्या लोकांसाठी मोठ्या पातेल्यात काढा व्हायचा आणि आचार्यांसाठी छोट्या पातेल्यात वेगळा. सकाळी सातला काढेवालीने त्यांच्या मेजावर पेला ठेवला. नऊला रिकामा पेला न्यायला गेली, तर आचार्य खुर्चीत मान टाकून बसलेले.

"पेल्याच्या तळाशी कण्हेरीचं विष सापडलं, पोटात सापडलं आणि हे पातेलं," भाचा चौकीतल्या थंड कपाटातून पातेलं काढत म्हणाला. "यात अडुळशाच्या पाल्यात कण्हेरीची सात पानं. बाईचा हात चुकला असेल, नाहीतर मुद्दाम. तिचा राग होताच आचार्यांवर."

"हात चुकला? तू डोळे मिटून भाकरी आणि पाट यात चुकशील का रे? अडुळशाचं पान रुंद, मऊ. कण्हेरीचं अरुंद, चिवट, मधोमध दोरीसारखी शीर. रोज पाला तोडणाऱ्या बाईच्या बोटांना ते डोळ्यांआधी कळतं."

"म्हणून तर मी म्हणतोय, मुद्दाम."

बाईंनी चिमट्याने अडुळशाचं एक पान उचललं. ते ओल्या चिंधीसारखं लोंबलं, काळपट, हात लावला तर फाटेल असं. मग कण्हेरीचं उचललं. ते चिमट्यात ताठ उभं राहिलं. हिरवंगार होतं. बाईंनी ते दोन बोटांत धरून वाकवलं, तसं ते मधोमध मोडलं.

बाईंनी पान परत ठेवलं आणि हात पुसले.

"त्या काढेवालीला सोड," त्या म्हणाल्या. "आणि तिच्या पाया पड."

२

"अडुळशाची पानं तासभर शिजलीत," बाईंनी सांगितलं. "कण्हेरीची एक मिनिटही नाही. काढा झाल्यावर, गार झाल्यावर कुणीतरी ती पातेल्यात टाकली. तुला सापडावीत म्हणून. आणि तुला ती सापडली, शाबास."

भाच्याने कान खाजवला. बाई पाया पडायला सांगत होत्या ते राहू दे, पण नुसतं सोडणंही त्याच्या हातात नव्हतं. वर साहेब होते. निदान भेटू तरी देतो, म्हणाला.

काढेवाली बाकावर पाठ टेकवून बसली होती. पन्नाशीची, हाताची बोटं पाल्याच्या रसाने कायमची हिरवट झालेली. ती रडत नव्हती.

"मी काय सांगायचं?" ती म्हणाली. "ह्यांनी आधीच ठरवलंय."

"ह्यांचं सोड. तू काढा कसा करतेस ते सांग."

"पाला धुवायचा, चिरायचा. पाणी घालून मंद आचेवर ठेवायचं. चार पेल्यांचा एक पेला होईपर्यंत हलायचं नाही. वहिनींनी शिकवलं मला, आचार्यांच्या बायकोनं. अठरा वर्षं झाली."

"आणि राग कसला होता तुझा?"

काढेवाली सांगू लागली. तिची सून गरोदर होती, पाचवा महिना. खोकला लागला. आचार्य म्हणाले, दिवसातून तीन पेले दे, बाळही बळकट होईल. हिनेच करून दिला, हिनेच हातात पेला ठेवला. दहाव्या दिवशी पोटात कळा सुरू झाल्या आणि सगळं संपलं.

"मी आचार्यांना विचारलं, काढ्यानं झालं का? ते काही बोलले नाहीत. नेहमी मोठमोठ्यानं बोलणारा माणूस, खाली बघत बसला. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलते. राग होता हो, नाही कशाला म्हणू? पण मारायचंच असतं तर मी माझ्याच पातेल्यात पानं ठेवून पोलिसांची वाट बघत बसले असते का? एवढी का मी खुळी?"

"तू नाहीस," भाच्याकडे बघत बाई म्हणाल्या. "मंगळवारी सातनंतर घरात कोण होतं?"

"वहिनी सोमवारपासून बहिणीकडे गेलेल्या. मी ओसरीवर रांगेला काढा वाटत होते. आत फक्त धाकटे होते, आचार्यांचे भाऊ. साडेसातला आले, आठला कारखान्यात गेले."

"आचार्य काढा रोज प्यायचे?"

"पेला रोज रिकामा यायचा," काढेवाली म्हणाली.

बाईंनी ते वाक्य नीट ऐकलं. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

३

धाकट्यांचा कारखाना म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. त्यात तपकिरी बाटल्यांच्या रांगा, एक झाकणं लावायचं यंत्र, आणि कोपऱ्यात धुवायला ठेवलेल्या जुन्या बाटल्यांचे खोके. भिंतीवर आचार्यांचा मोठा फोटो, त्याला कालच हार घातलेला. धाकटे पंचेचाळिशीचे, कपड्यांना कडक इस्त्री, आवाजात साखर.

"दादा म्हणजे माझा देव होता," ते म्हणाले. बाई फोटोकडे बघत होत्या. हार थोडा वाकडा होता, त्यामागे फोटोवर धूळ तशीच होती.

"देवाचा काढा आता बाटलीत येणार म्हणे?"

"दादांचंच स्वप्न. सगळ्या कुटुंबासाठी एकच बाटली. आजोबांपासून पोटातल्या बाळापर्यंत. लेबलंसुद्धा छापून आली." त्यांनी एक दाखवलं. त्यावर हसणारी गरोदर बाई होती. बाईंनी ते उलटं करून मेजावर ठेवलं.

"काढा करायची रीत काय तुमची?"

"त्यात काय, साधी. पाला टाकायचा, एक उकळी आली की उतरवायचा. निसर्गाला उगाच त्रास द्यायचा नसतो."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दातांखाली दाबलं. कारखाना चालवणारा माणूस, आणि स्वतःच्या मालाला कधी चूल दाखवलेली नाही. एका उकळीत अडुळशाचं फक्त पाणी हिरवं होतं.

"मंगळवारचं सांगा."

"काय सांगू? साडेसातला गेलो. दादा थकल्यासारखे वाटत होते. पेला समोरच होता. माझ्यासमोर उचलला, तोंड वाकडं केलं, म्हणाले, आज फारच कडू झालाय रे. आणि एका दमात संपवला." धाकट्यांनी रुमाल काढला. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या बाईनं..."

"सगळा काढा प्यायले? तुमच्यासमोर?"

"शेवटच्या थेंबापर्यंत. शपथेवर सांगतो."

"शपथ जपून ठेवा," बाई उठल्या. "लागेल."

बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, हा तर साक्षीदार आहे. पिताना बघितलंय त्यानं."

"मंगळवारी तुम्ही खोलीचे फोटो काढले असतील ना? मला ते बघायचेत. माणसाचे नकोत, खिडकीचे."

४

आचार्यांची बायको खुर्चीसमोर जमिनीवर बसली होती. ती मोजकं बोलत होती. नवऱ्याविषयी बोलताना तिच्या आवाजात दुःख होतं आणि जुना कंटाळाही होता, आणि तो ती लपवत नव्हती.

"सोमवारी रात्री जेवणानंतर त्यांचा फोन आला होता," ती म्हणाली. "म्हणाले, मळमळतंय, दोनदा उलटी झाली. दिव्याभोवती पिवळं पिवळं दिसतंय. मी म्हटलं, डॉक्टरला बोलवा. म्हणाले, लोक काय म्हणतील."

"पिवळं? सोमवारी रात्री? नीट आठवून सांगा."

"नीटच आठवतंय. मंगळवारी सकाळी निघणारच होते मी. त्याआधी ही बातमी आली."

बाई भाच्याकडे वळल्या. "कण्हेरीचं विष असलं की माणसाला पिवळं दिसतं, उलट्या होतात, नाडी अडखळते. मंगळवारच्या सातच्या पेल्याचा परिणाम सोमवारी रात्री कसा झाला, फौजदारसाहेब?"

आचार्यांच्या बायकोने डोळे वर केले. बाईंनी विचारलं, "ते काढा रोज प्यायचे?"

"रोज."

"खरं सांगा. आता त्यांची अब्रू सांभाळून काय मिळणार? तिकडे एक बाई निष्कारण कोठडीत बसलीये."

तिने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाली, "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. एक घोट नाही. कडू लागतो म्हणायचे. पेला घेऊन खिडकीशी जायचे."

बाई उठून खिडकीशी गेल्या. तीन कुंड्या. कोपऱ्यातल्या कुंडीत एक वाळकी काडी उभी होती आणि माती काळीकुट्ट, वर चिकट साय धरलेली. बाईंनी चिमूटभर माती चोळून वास घेतला. तो कडवट, ओळखीचा वास. मंगळवारी दहा वाजता काढलेल्या फोटोत या कुंडीखाली ओघळ होता, चौकटीवरून भिंतीवर उतरलेला, ओला.

"एकपानी वैद्य," त्या पुटपुटल्या. "आणि तेही पान कुंडीला."

मातीचा नमुना त्याच दिवशी प्रयोगशाळेत गेला. तिथे आता बाईंच्याच हाताखाली शिकलेली एक रसायनतज्ज्ञ होती; बाईंचा फोन आला की ती खुर्चीतून उठूनच बोलायची.

"भांडण कशावरून होतं भावांचं?" बाईंनी विचारलं.

"त्या सुनेचं मूल गेल्यापासून ह्यांची झोप उडाली होती. एक पाटी लिहिली त्यांनी. गरोदर बायकांनी हा काढा घेऊ नये, असं. ओसरीवर लावणार होते आणि बाटलीवरही छापा म्हणाले. धाकटे म्हणाले, एकदा असं छापलं की लोक विचारतील, मग आजवर का पाजलंत? आपलं नाव मातीत जाईल. पाटी मी बघितली होती. आता ती मेजात नाहीये."

आचार्यांबद्दल बाईंकडे तयार असलेली सगळी वाक्यं एकदम बिनकामाची झाली होती, आणि त्याचाच त्यांना राग आला.

त्यांनी मेजाचे खण उघडले. खालच्या खणात कागदांमागे एक गोल चिकट डाग होता, बाटलीच्या बुडाएवढा, गुलाबी. बाटली नव्हती. पण खणाच्या फटीत प्लास्टिकची एक चिमुकली मापटी अडकली होती. औषधाच्या दुकानातल्या बाटलीबरोबर मिळते तशी.

५

गावातल्या एकमेव डॉक्टरांचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. डॉक्टर तरुण आणि स्वच्छ होते, आणि समोरच्याला अडाणी समजून बोलण्याची त्यांना सवय होती. आचार्यांविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात चार पत्रं लिहिली होती.

"पालापाचोळा," ते म्हणाले. "लोक पालापाचोळा उकळून पितात आणि मग माझ्याकडे मरायला येतात. एक ना एक दिवस असं होणारच होतं."

बाईंनी मापटी त्यांच्या मेजावर ठेवली. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"किती दिवस येत होते तुमच्याकडे?"

"हे बघा, रुग्णाची गोष्ट..."

"रुग्ण मेलाय, डॉक्टर. आणि तुम्ही तीन दिवस गप्प बसलात. मागच्या दारानं यायचे ना?"

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. "वर्षभर. जुनाट खोकला होता, कफ सुटत नव्हता. मी कफ पातळ करणारं औषध लिहून दिलं. सकाळ-रात्र एक मापटी. शेवटची बाटली पंधरा दिवसांपूर्वी मीच दिली, कुणाला दिसू नये म्हणून. आठवड्यापूर्वी फोन केला होता त्यांनी, खोकला कमी आहे, म्हणाले. मला गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू. बाहेर मला शिव्या देणारा माणूस माझ्याच औषधावर जगतो."

"कुठलं औषध?"

डॉक्टरांनी नाव सांगितलं.

"आणि ते कशापासून आलं, माहीत आहे?"

"प्रयोगशाळेत तयार होतं."

"प्रयोगशाळेत आकाशातून पडतं का? अडुळशाच्या पानात एक द्रव्य असतं, वासिसिन. रसायनवाल्यांनी त्याच्या रेणूवर काम करून, बदल करून तुमचं हे औषध काढलं. तुम्ही ज्याला पालापाचोळा म्हणता, त्याचंच हे शिकलेलं नातवंड. आचार्य खिडकीत ओतायचे ते आणि मेजात लपवून प्यायचे ते, मूळ एकच. दोघांपैकी एकालाही पत्ता नाही. आणि तुम्ही दोघं गावाला आरोग्य शिकवत होता."

डॉक्टर लालेलाल झाले. "म्हणजे काढा चांगला होता असं तुमचं म्हणणं?"

"ठरावीक मापात, खऱ्या खोकल्याला, हो. पण तेच द्रव्य गर्भाशयालाही आवळतं. म्हणून गरोदर बाईला नाही. हे तुम्ही चार पत्रांत एकदा तरी लिहिलंत? नाही. तुम्ही 'पालापाचोळा' लिहिलंत, लोक चिडले आणि आणखी दोन पेले प्यायले."

बाई दाराशी पोचल्या, तेवढ्यात फोन वाजला. प्रयोगशाळेतली मुलगी होती. बाईंनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"मातीत?" भाच्याने विचारलं.

"थरावर थर अडुळसा. कण्हेर औषधालासुद्धा नाही. चल, धाकट्यांची शपथ परत घेऊन येऊ."

६

कारखान्यात यंत्र चालू होतं. बाईंनी ते बंद करायला लावलं. कामाच्या बायका हात पुसत भिंतीशी उभ्या राहिल्या. भाच्याने आचार्यांच्या बायकोलाही आणलं होतं.

"धाकटेसाहेब," बाई म्हणाल्या, "मंगळवारी तुमचा भाऊ काढा प्यायला नाही. अठ्ठावीस वर्षं प्यायला नव्हता. सातचा पेला कुंडीत गेला, ओघळ फोटोत आहे, आणि त्या मातीत विष नाही. म्हणजे पेला आला तेव्हा निर्मळ होता. पेल्यात विष नंतर आलं. मग 'आज फारच कडू झालाय' असं तुम्हाला कोण म्हणालं?"

धाकट्यांनी वहिनीकडे बघितलं. तिने नजर हलवली नाही.

"मला... तसं वाटलं असेल. दुःखात माणूस..."

"दुःखात माणूस विसरतो, रचत नाही. ऐका. आचार्यांना सोमवारी रात्रीच पिवळं दिसत होतं. सकाळ-रात्र ते एकच गोष्ट घ्यायचे, खणातलं गुलाबी औषध. गोड, दाट, त्यात कडूपणा झाकून जातो. बाटली आठवड्यापूर्वीपर्यंत चांगली होती, म्हणजे डॉक्टरांनी दिली तेव्हा त्यात काही नव्हतं. डॉक्टर त्यानंतर त्यांच्या घरात आलेले नाहीत. मग ती घरातच बिघडली. पाटी शोधायला तुम्ही खण उपसलात आणि तुम्हाला पाटीबरोबर बाटलीही सापडली. जगाला काढा पाजणारा भाऊ दुकानातलं औषध पितो, हे कळल्यावर तुम्हाला किती आनंद झाला असेल! पाटी फाडून भागत नव्हतं, भाऊ दुसरी लिहिणार. आणि तो औषध पितो, हे कुणाला ठाऊकच नाही. विष बाटलीतून जाईल, आळ काढा करणाऱ्या बाईवर येईल. मंगळवारी साडेसातला भाऊ खुर्चीत निपचित दिसला, तसा तुम्ही रिकाम्या पेल्यात कण्हेरीचा अर्क ओतलात, त्यांच्या छोट्या पातेल्यात पानं टाकलीत आणि बाटली उचललीत."

"हे सगळं ती बाईही करू शकली असती! किंवा वहिनी!"

"नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "काढेवालीनं आणि वहिनींनी अडुळसा उकळलाय, तासन्‌तास. कण्हेर टाकायचीच असती तर त्यांनी पाल्याबरोबर शिजवली असती. शिजलेलं पान आणि कच्चं पान यातला फरक त्यांच्या हातांना माहीत आहे. पातेल्यात कच्ची पानं कोण टाकेल? ज्याला वाटतं की एक उकळी आली की काढा होतो, तो. तुम्ही स्वतः सांगितलंत मला, काल, याच मेजावर. भावाच्या काढ्यावर इतकी वर्षं जगताय, एकदा चुलीपाशी उभे राहिला असतात तर कदाचित सुटला असतात."

भिंतीशी उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"काही पुरावा नाही तुमच्याकडे," धाकटे म्हणाले. आवाजातली साखर संपली होती.

"बाटली आहे ना."

"कुठे आहे?"

"तुम्ही आठला इथे आलात. रस्त्यात टाकायची तर कुणी बघेल, घरात ठेवायची तर सापडेल. बाटल्यांच्या व्यापाऱ्याला बाटली कुठे लपवावीशी वाटेल?" बाईंनी कोपऱ्याकडे मान केली. "धुणाऱ्या बायकांनी मंगळवारपासून खोके उघडलेले नाहीत, कारखाना सुतकात बंद होता. आजच सुरू झालाय."

भाच्याने स्वतः बाह्या सरसावल्या. पाऊण तास लागला. तिसऱ्या खोक्याच्या तळाशी, दोन ओळींच्या मध्ये, ती सापडली. इतरांसारखीच तपकिरी, पण गळ्याशी गुलाबी साखर सुकलेली. लेबल खरवडलं होतं, अर्धंच. धाकट्यांनी तेही काम नीट केलं नव्हतं.

वहिनी पुढे आल्या. "पाटीत काय लिहिलं होतं, वाचलं होतंत ना?" त्यांनी दिराला विचारलं. "दोन ओळी होत्या. दोन ओळींसाठी?"

भाच्याने धाकट्यांचा दंड धरला.

७

काढेवाली दुसऱ्या दिवशी सुटली. भाच्याने तिची माफी मागितली; बाईंनी मागायला लावली. बाई तिला घरापर्यंत सोडायला गेल्या, कारण भाच्यावर त्यांचा अजून भरवसा नव्हता.

दार सुनेने उघडलं. चोविशीची असेल, चेहरा ओढलेला. तिने सासूचा हात धरून आत बसवलं, पाणी दिलं, आणि मग बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"तुम्ही औषधांची तपासणी करायच्या ना? मला एक सांगा. माझं मूल काढ्यानंच गेलं का?"

बाईंना लोकांच्या प्रश्नांचा राग यायचा, कारण ते बहुतेक मूर्ख असायचे. हा नव्हता.

"शपथेवर नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "पोटातलं मूल पुष्कळ कारणांनी जातं, कधी कारणाशिवायही. पण अडुळसा गर्भाशयाला आवळतो. पाचव्या महिन्यात दिवसाला तीन पेले कुणीही द्यायला नको होते."

"हे कुणालाच माहीत नव्हतं?"

सासू भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, पण ऐकत होती.

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या.

सून समोर खाली बसली.

"नऊ वर्षांपूर्वी मी याचाच अहवाल लिहिला. आचार्यांच्या सभेत जाऊन वाचून दाखवायला उभी राहिले. त्यांनी एक विनोद केला, सगळी सभा हसली. मी कागद घडी करून घरी आले. म्हटलं, मूर्ख आहेत, मरू देत. वर्षभरानं सही करून तो प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवून दिला. नियमानं ठेवायचाच होता. पुन्हा एकदाही बोलले नाही."

"लोक हसले म्हणून?"

"हो. तेवढ्यासाठी."

सून रागावली नाही. बाईंना वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं. ती सासूच्या हातातला रिकामा पेला घेऊन आत गेली. जाताना म्हणाली, "आचार्यांकडे रांग अजून लागते. वहिनींनी काढा बंद केलाय, तर आता लोक मागच्या कुंपणाचा पाला ओरबाडून नेतात. फुकटच आहे म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कुंपणापाशी गेल्या. बारा-पंधरा माणसं होती. पिशव्या, टोपल्या, एकाने तर पोतं आणलं होतं. अडुळशाच्या फांद्या मोडून खाली पडल्या होत्या. कोपऱ्यात एक बाई पदर खोचून भराभरा पानं तोडत होती. तिचं पोट सातव्या महिन्याइतकं तरी पुढे आलेलं होतं.

"कुणासाठी नेताय?" बाईंनी विचारलं.

"माझ्यासाठीच. खोकला आहे."

"तुम्ही हा घेऊ नका. दवाखान्यात जा, दुसरं औषध देतील. गरोदरपणात अडुळसा घ्यायचा नसतो. पोट दुखू शकतं, मूल जाऊ शकतं."

पोतं घेतलेला माणूस मोठ्याने हसला. "ऐका हो, आजी पाल्याला घाबरतात!" बाकीचेही हसले. ती गरोदर बाईसुद्धा जरा ओशाळून हसली आणि तिचा हात पुन्हा फांदीकडे गेला.

बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पोतंवाल्याला ऐकवायला एकाहून एक तिखट वाक्यं त्यांच्या जिभेवर आली, आणि ती सगळी त्यांनी गिळली. त्यांनी त्या बाईच्या मनगटावर हात ठेवला, हलकेच, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.